तीन अक्षरं
कपाटातून जुना पट्टा निघाला आणि त्याच्या ओलसर चामड्याच्या वासासरशी सेंदाईजवळची ती डोंगरवाट आठवली. तेव्हा मला जपानी वाचता येत नव्हतं, म्हणून वाटेवरच्या पिवळ्या पाटीवर काय लिहिलंय ते मी नवऱ्याला विचारलं. तो ऑफिसात दिवसभर जपानीच वाचायचा. “कचरा टाकू नका म्हणतायत. सोड गं तिला, पळू दे जरा.” मी आमच्या छोट्याशा कुत्रीचा पट्टा काढला. ती गवतात शिरली आणि केकाटली. विषारी साप चावलाय, मामुशी, असं डॉक्टर म्हणाले. ती वाचली नाही. “कुणाला माहीत होतं गं!” म्हणत तो माझ्यासोबत रडला. पुढे मी जपानी शिकले, त्या वाटेवर एकटीच गेले. पाटीवर तीनच अक्षरं मोठी होती: मा-मु-शी. त्याच्या त्या ‘कुणाला माहीत होतं’चं उत्तर मात्र त्याला आज दिलं, पट्टा हातात धरून: “तुला.”