टाकी भरली का?

कोंडाण्याच्या वाटेवरचा बंगला मुंबईच्या शेठचा. पण शनिवार-रविवार सोडला तर त्यात राहतो एकटा दशरथ, राखणदार. रोज सकाळी सातला त्याच्या मोबाइलवर अक्षरं उमटतात, 'टाकी भरली का?' मग दशरथ एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी गिळतो आणि 'हो' दाबतो. गोळीची आठवण करून देणाऱ्या या ॲपमध्ये प्रश्नाचे शब्द आपले आपण ठेवता येतात. कुणी वाचलं तर बोभाटा नको, म्हणून त्यानं गोळीऐवजी टाकी लिहिली. शेठाणीनं एकदा वाचलं आणि वर शाबासकी दिली, "पाण्याची किती काळजी रे तुला!"

गोळी सुरू झाली प्रवीणमुळे. तो दर मंगळवारी शेलूहून यायचा. त्याला एचआयव्ही होता, आणि ते त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "तुला काय होता कामा नाय," म्हणत त्यानंच दशरथला दवाखान्यात नेलं, ॲपही घालून दिलं. दिवाळीनंतर त्याची नाशिकला बदली झाली. हळूहळू फोनही थांबले.

आज ॲपनं वेगळंच विचारलं, 'गेल्या तीन महिन्यांत कुणाशी संबंध आला का? नसेल, तर गोळी थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.'

दशरथचा चहा निवला. झाडाखाली पडलेला आंबाही न विचारता खाणारा माणूस नव्हता तो. पण खरं सांगून 'नाही' म्हटलं, तर उद्या सातला त्याला काही विचारणारं होतं कोण?

त्यानं 'हो' दाबलं. मग उगाच टाकी बघायला गेला. ती परवाचीच भरलेली होती. एकट्याला पाणी लागतं किती?