शेपूट कोण धरणार?

ढोरांच्या डॉक्टरकीला गेलेल्या माणसाकडं शेणापेक्षा किस्से जास्त साचतात. आम्ही शिकायला गेलो तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती. "ढोरं तपासायला कालिज कशाला?" असं आमच्या अणदूरला लोक तोंडावर विचारायचे. माझे किस्से सांगत नाही, थोडी इज्जत शिल्लक आहे. माझा खोलीतला जोडीदार सदा, त्याचे सांगतो. तुळजापूरच्या पुजाऱ्याचा पोरगा, जीव लावावा असा. फक्त जनावराला लई भ्यायचा.

*

पहिल्या वर्षीचं पहिलं प्रॅक्टिकल. गाईचा ताप बघायचा. सदाची पाळी आली. त्यानं चपला काढल्या, गाईच्या मागं गेला, शेपटीला हात लावून डोळे मिटले आणि नमस्कार केला. घरची सवय, दुसरं काय.

सर शांतपणे म्हणाले, "झालं दर्शन? आता थर्मामीटर लावा."

"कुठं लावू सर?"

"आत्ता जिथं नमस्कार केलात, तिथंच."

*

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर कर्नाटकातले यात्रेकरू उतरलेले. सदाचे वडील, म्हणजे आबा, त्यांना कन्नडात म्हणत होते, "बर्री अज्जा, कूडरी, नीर कुडीरी." या आजोबा, बसा, पाणी प्या. कुणीही येवो, आबांचं पहिलं वाक्य हेच. आम्ही सोडून.

आम्हाला त्यांनी उंबऱ्यावरच अडवलं. "कशाला हात लावून आलास?"

"गाईला."

"ये आत."

"आणि शेळीला," सदा म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

"थांब तिथंच. न्हाणीत जा आधी."

मग माझ्याकडं वळले. "आणि तुम्ही?"

म्हटलं, "आबा, मी शेतकऱ्याचा. मोजत बसलात तर दिवस मावळंल." हसले. पण आंघोळ मलाही करायला लावलीच.

*

दुसऱ्या वर्षी सदा नापास झाला. लेखी परीक्षेत नाही हां, प्रॅक्टिकलला. बैलाचा मागचा पाय उचलायचा होता, आणि हा बैलापासून चार हात लांब उभा राहून पायाची माहिती सांगत होता.

आबांचं पत्र आलं. "पुन्हा नापास झालास तर पुस्तकं तिथंच ठेव आणि घरी ये. यात्रेकरू सांभाळ." सदा त्या दिवशी जेवला नाही. मला म्हणाला, "पूजा वाईट न्हाय रे. पण मला हेच करायचंय." मला फार वाईट वाटलं.

म्हणून मी त्याची तयारी करून घ्यायची ठरवली. खोलीत मी चारी पायांवर उभा राहायचो आणि सदा माझा पाय उचलायचा. सराव पक्का व्हावा म्हणून मी अधूनमधून लाथही मारायचो. आवाज ऐकून एकदा रेक्टर आत आले.

"काय चाललंय?"

"सर, बैल लंगडतोय का बघतोय," सदा म्हणाला.

रेक्टरांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मेसवाल्याला हाक मारली. "उद्यापासून याला कडबा टाका."

हा किस्सा माझाच निघाला की. असू द्या.

*

मधे उमरग्याजवळ आमचं शिबिर होतं. एका म्हातारीनं शेळी आणली. सदानं औषध दिलं आणि दूध कधीपासून काढायचं, चारा काय घालायचा, सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं निवांत ऐकून घेतलं.

"लई ग्वाड बोलतोस लेकरा. पर येवढा वेळ तू शेळीकडं एकदा बी बघितलं न्हाईस."

सदा मला म्हणाला, "पकडलं रे म्हातारीनं."

*

मग ती परीक्षा. बाहेरचे परीक्षक कडक. आणि नशीब असं की सदाच्या वाट्याला आला सीमेपलीकडून, कर्नाटकातून आणलेला एक दांडगा खिलार बैल. त्यानं सकाळपासून दोघांना लाथाडलं होतं. सगळे "हो हो, बस बस" करत होते आणि तो आणखी बिथरत होता.

सदा पांढराफटक पडला. मी खिडकीतून बघत होतो. सदा पुढं गेला, बैलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, "बर्री अज्जा. कूडरी. नीर कुडीरी."

बैलानं कान फिरवला. सदा बोलत राहिला, हात पाठीवरून मागं नेत गेला आणि पाय उचलला. खुरात काटा होता.

परीक्षकांनी विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"आमचे आबा यात्रेकरूंना सांगतात तेच, सर."

सदा पास झाला. आबांनी पेढे वाटले नाहीत.

*

पुढच्या पौर्णिमेला मी तुळजापुरात होतो. कर्नाटकातल्या एका अज्जाची बैलगाडी दारात आली आणि तिचा एक बैल तिथंच बसला, उठेना. आबा सोवळं नेसून, पूजेचं तबक घेऊन देवळाकडं निघाले होते. थबकले.

सदा धावला. मी बैलाचं तोंड धरलं. अज्जा दुसऱ्या, बुजलेल्या बैलाला आवरत होता. सदानं थर्मामीटर काढला आणि इकडंतिकडं बघितलं.

"शेपूट धरायला माणूस पायजे."

बाकी कुणी नव्हतं. आबांनी एकदा देवळाकडं बघितलं, एकदा अज्जाकडं. तबक ओट्यावर ठेवलं. बैलाच्या मागं जाऊन नमस्कार केला.

मग शेपूट वर धरून म्हणाले, "लाव."