पिंकीने तपासलेली वजाबाकी

पेणच्या एका शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं, आणि रोह्यात एका कुत्रीने माझी वजाबाकी दुरुस्त केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोकांच्या लक्षात मात्र दुसरीच राहिली आहे.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. रोहा ही माझी सासुरवाडी. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, घरासमोरच्या मैदानात सर्कस उतरली आणि तंबूच्या खुंट्या ठोकायला लागल्या त्या दिवसापासून सर्कशीतल्या बायका सासूबाईंच्या विहिरीवर पाण्याला येऊ लागल्या. त्यातल्या लीलाबाईंशी सासूबाईंची गट्टी जमली. लीलाबाई मूळच्या केरळच्या, वाढलेल्या सर्कशीत, आणि मराठी शिकलेल्या गावोगावच्या पाणवठ्यांवर. अंगाने काटक, वय पन्नाशीचं, आणि कडेवर कायम पिंकी. पिंकी म्हणजे पांढरीशुभ्र पॉमेरेनियन. ‘गणित सोडवणारी जगातली एकमेव कुत्री’ असं रिक्षावरच्या कर्ण्यातून गावभर ओरडून सांगत होते.

हे कानावर आल्यावर मी घरात बसणार होतो थोडाच! रविवारी सकाळी बायकोला घेऊन एस.टी.ने रोह्याला हजर झालो. (बायकोला माहेर बघायचं होतं. मला प्रतिस्पर्धी बघायचा होता.)

“चला, तुम्हाला आतून सर्कस दाखवते,” सासूबाई म्हणाल्या आणि तंबूच्या मागच्या बाजूने स्वतःच्या परसात शिरावं तशा आत शिरल्या. आत सगळा संसारच मांडलेला. विदूषक मांडी घालून गंभीर चेहऱ्याने कांदा चिरत होता. झुल्यावरच्या मुली फ्रॉकवरच्या सुटलेल्या टिकल्या टाचत होत्या. हत्तीण खांबाला पाठ घासत होती आणि खांबाला बांधलेल्या दोरीवर वाळणारे लेंगे तिच्या तालावर नाचत होते.

लीलाबाईंची शिकवणी चालू होती. पिंकी स्टुलावर बसलेली.

“पिंकी, दोन और तीन?”

पिंकी पाचदा भुंकली आणि गप्प! लीलाबाईंनी तिला चपातीचा तुकडा भरवला, मानेखाली खाजवलं. चुकली तर काय करता, म्हणून मी विचारलं. (माझ्या वर्गात त्याचं उत्तर लाकडी होतं.)

“काय करायचं? उसको खराब लगता है. मग मी थोडा वेळ जवळ घेते,” त्या म्हणाल्या.

मी विषय बदलला. पण खरी भानगड काय ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. मी इतका मागे लागलो की शेवटी त्या हसल्या.

“सर, तुम्ही पण शिकवता, मी पण शिकवते. म्हणून सांगते. हा रुमाल बघा. हातात आहे तोपर्यंत पिंकी भुंकते. कमरेला खोचला की बंद. पण कोणाला बोलायचं नाही हं! मॅनेजर म्हणतो, कुत्रीचा खेळ जुना झाला, पब्लिक जांभया देते. इथं जमला नाही तर बंद करणार. मग आम्ही दोघी कुठं जाणार?”

“शिक्षकाचा शब्द आहे!” मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

“आमचे जावई लय भरोशाचे हायेत गो,” सासूबाईंनी वर शिक्का मारला.

हा शब्द मी पाच तासही पाळला नाही.

दुपारी तीनचा खेळ. तंबू खचाखच. आम्ही पहिल्या रांगेत, कारण अण्णांना गावात मान. मागे बघतो तो माझ्याच शाळेतली आठ-दहा पोरं, पेणहून सर्कस बघायला आलेली! झुले झाले, सायकली झाल्या, हत्तिणीने फुटबॉल मारला. मग ‘मिस पिंकी’ आली. मॅनेजर माइकवर गरजला, “पब्लिकमधून कोणीतरी शिकलेला माणूस यावा आणि प्रश्न घालावा!”

“आमचे जावई!” अण्णांनी माझा हात धरून वर केला. “गणिताचे मास्तर हायेत!”

टाळ्या पडल्या. मी उठलो, कॉलर नीट केली, रिंगणात गेलो. मनात हिशेब पक्का होता: चोवीसातून सोळा गेले, राहिले आठ. पण माइक हातात आला, आपलाच आवाज चारी कर्ण्यांतून आपल्याकडे परत आला, आणि मला वाटलं, चोवीस म्हणजे अगदीच किरकोळ, पंचवीसला वजन आहे.

“पंचवीसातून,” मी म्हणालो, “सोळा गेले! राहिले किती?”

पिंकी भुंकायला लागली. आठ झाले. लीलाबाईंचा रुमाल हातातच. पिंकी नवव्यांदा भुंकली, रुमाल कमरेला गेला, पिंकी थांबली. टाळ्यांचा कडकडाट!

“चूक!” मी हात वर करून ओरडलो. “उत्तर आठ!”

तंबू शांत झाला. आणि मागून माझ्याच पोरांचा, वर्गात माझ्याविरुद्ध कधीही न निघालेला, खणखणीत आवाज आला, “सर, नऊ!”

“आठ!”

“नऊ, सर! पंचवीस बोललात तुम्ही!”

मग जो हशा उसळला! बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पान विकणारा रिंगणाच्या कडेला येऊन हसत होता. “जावईबापू, बसा आता,” अण्णा दातांतल्या दातांत म्हणाले. बायकोने मान इतकी खाली घातली होती की मला फक्त तिचा अंबाडा दिसत होता.

शहाणा माणूस तेव्हा खाली बसला असता. मी माइक तोंडाशी धरला.

“अहो, कुत्रीला काय डोंबल समजतंय! बाईंनी रुमाल कमरेला खोचला की ती थांबते! सगळी बनवाबनवी आहे!”

हे शब्द मी बोललो. आज इतक्या वर्षांनीही आंघोळ करताना आठवले की मी अंगावर पाणी ओतायचा थांबतो. हशा एकदम विझला. “फसवतायत! खेळ बंद करा!” असे आवाज सुरू झाले. मॅनेजरचा चेहरा काळवंडला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. ती नजर सांगता येणार नाही. आणि लीलाबाई? त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एकदा मान हलवली, जवळ आल्या आणि रुमाल माझ्या हातात दिला.

“सर, ये आप पकडो.” मग त्या पाठ फिरवून तंबूच्या खांबाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. “आता विचारा.”

मी रुमाल मुठीत धरला. “सात आणि... सहा?”

पिंकीने लीलाबाईंच्या पाठीकडे बघितलं. कुई केलं. मग वळली आणि माझ्याकडे बघत भुंकायला लागली. सगळा तंबू मोठ्याने मोजत होता. दहा... अकरा... बारा... तेरा! पिंकी थांबली. शेपटी हलवली.

लोक बाकांवर चढले! कुणीतरी ओरडलं, “आणखी एक!” मी पाच अधिक सहा विचारलं. पिंकी अकराला थांबली. शिट्ट्या, टोप्या, रुमाल हवेत! मॅनेजरने माझ्या हातातला माइक हिसकावून घेतला. “मेहेरबान, बघितलंत? संध्याकाळच्या खेळाला पिंकी सगळ्यात शेवटी येणार! खास आयटम!”

मी जागेवर येऊन बसलो. “पण झालं कसं हे?” मी बायकोला विचारलं.

“अहो,” ती वर न बघता म्हणाली, “तेराव्याला तुमच्या भुवया पार केसांत गेल्या होत्या. आख्ख्या तंबूला कळलं. कुत्रीला नाही कळणार?”

खेळ सुटल्यावर मी एकटाच तंबूमागे गेलो. लीलाबाई पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या होत्या.

“लीलाबाई, माझं चुकलं. माफ करा.”

“आठ साल झाले, सर. कधी तिच्याकडं पाठ केली नाही,” त्या म्हणाल्या. “ती मला बघते हे माहीत होतं. दुसऱ्याला बघेल की नाही, मला पण ठाऊक नव्हतं. भुंकलीच नसती तर?”

मी त्यांचा रुमाल त्यांच्यापुढे धरला.

“मला माफी नको,” त्या म्हणाल्या. “तिला बोला. सबके सामने तुम्ही तिला चूक बोललात.”

मी इकडेतिकडे बघितलं. विदूषक पुन्हा कांद्याला बसला होता, तेवढाच साक्षीदार. मी गुडघ्यांवर बसलो, हात जोडले आणि म्हणालो, “पिंकी, नऊ बरोबर होतं.”

“आणखी वाका जरा,” मागून आवाज आला. सासूबाई डब्यात पोहे घेऊन उभ्या होत्या. शेजारी अण्णा.

पिंकीने माझा चेहरा नीट वाचला आणि जांभई दिली. पोहे लीलाबाईंना मिळाले, मला नाही.

सोमवारी मी शाळेत पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. फळ्यावर कुणीतरी २५ − १६ काढून ठेवलं होतं. मी निमूट पुसलं. पण भुवयांचं बायकोचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. माझ्या वर्गाचे तोंडी पाढे म्हणजे शाळेचा अभिमान! साहेब तपासणीला आले की पोरं धडाधड उत्तरं देत. तीच पोरं लेखी परीक्षेत का आपटतात, हे कोडं मला कधी सुटलं नव्हतं. मी खडू घेतला, फळ्याकडे तोंड केलं आणि वर्गाकडे पाठ ठेवूनच विचारलं, “नऊ साते?”

वर्ग चिडीचूप. कुणी “एकसष्ट” म्हणालं, कुणी “बासष्ट”, आणि मग सगळेच अडले. मी हललो नाही.

शेवटी मागच्या बाकावरून अगदी कळवळून आवाज आला, “सर, जरा इकडं तोंड करा ना!”