ताणलेल्या कॅसेटचा बँड

ऐंशीच्या दशकात अंधेरीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी कॉलेजच्या पोरांचा रॉक बँड वाजवायचा. मी त्यांचा एकही कार्यक्रम चुकवला नाही, आणि त्यातला एकही धड नव्हता. गायक वर्सोव्याचा, पण माइक हातात आला की नाकातून अमेरिकन इंग्रजी बोलायचा. त्यांनी स्वतः रचलेलं गाणं सुरू झालं की आम्ही रसिक चहा प्यायला बाहेर. परदेशी गाणं लागलं की धावत आत.

ते परदेशी गाणं त्यांनी कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेटवर ऐकून बसवलं होतं. दुसऱ्या कडव्यात टेप ताणली गेली होती, त्यामुळे तिथे गाणं रेंगाळायचं. ही गाढवंही तिथे इमानदारीत रेंगाळायची. ड्रमवालासुद्धा! आणि टाळ्या नेमक्या तिथेच पडायच्या, कारण त्याच कॅसेटची कॉपी आम्हा सगळ्यांच्या घरी होती.

बऱ्याच वर्षांनी त्या गाण्याची मूळ रेकॉर्ड ऐकली. दुसरं कडवं न रेंगाळता सरळ निघून गेलं, आणि मी नाक मुरडून म्हणालो, "ह्यांना नाही जमलं, यार."