ड्रम वाजायच्या आधी

आमचे हे, सूर्यकांतराव, रेल्वेत सिग्नल आणि टेलिफोन सांभाळायचे. उभी नोकरी डहाणू ते घोलवड पट्ट्यात रुळांच्या कडेला गेली. एका कानाला रिसीव्हर आणि दुसऱ्या कानाशी धडधडत जाणाऱ्या मालगाड्या. रिटायर होईपर्यंत दोन्ही कानांचं वाटोळं झालं. आता मी स्वयंपाकघरातून घसा फोडून ओरडले, तरी समोर जाऊन उभी राहिल्याशिवाय साहेबांना पत्ता लागत नाही.

आणि अशा माणसाला नाद कसला, तर इंग्रजी रॉक गाण्यांचा! सायवनच्या शाळामास्तरांचा मुलगा, घरी हार्मोनियम आणि हरिपाठ. पण घोलवडच्या एका म्हाताऱ्या बागाईतदारांनी बंगला विकताना रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांचा गठ्ठा ह्यांच्या गळ्यात मारला, आणि माणूस जो बिघडला तो बिघडलाच. मी म्हणायचे, अहो, शब्द तरी कळतात का? तर म्हणायचे, सुनंदा, कळायचं काय त्यात, ऐकायचं.

त्यात एक गाणं होतं. सुरुवातीला नुसता दंगा. मग मध्येच सगळं विरत जायचं, एकच गिटार, तीही उंबऱ्याबाहेर कोणी वाजवत असल्यासारखी. मग तीही थांबायची. आणि आपण बेसावध असताना ड्रम असा कोसळायचा की माझ्या मांडणीवरच्या ताटल्या खणखणायच्या. हे म्हणायचे, गंमत त्या गप्प बसण्यात आहे. बारीक ते बारीक आणि मोठं ते मोठं राहिलं पाहिजे.

आमचा मुलगा देवेश पाच वर्षांचा असताना ह्यांनी ते गाणं कॅसेटवर घेतलं. वायर नव्हती, म्हणून स्पीकरसमोर टॉवेलाची घडी, घडीवर टेपरेकॉर्डर, आणि घरात हुकूम, कोणी हूं की चूं करायचं नाही. पण त्या टेपरेकॉर्डरची एक खोड होती. आवाज बारीक झाला की तो आपणहून कान टवकारायचा आणि खोलीतलं असेल नसेल ते ओढून घ्यायचा. त्यामुळे ड्रमच्या आधीच्या शांततेत पंख्याची कुरकुर आली, लांबच्या इंजिनाची शिट्टी आली, आणि टेबलाखाली लपलेल्या पोराचा आवाज आला. "बाबा, संपलं?" अगदी कानात बोलल्यासारखा. हे तेव्हा केवढे चिडले होते!

एकोणिसाव्या वर्षी देवेश समुद्रात पोहायला गेला तो गेलाच. कोळ्यांनी आणला त्याला.

त्यानंतर त्या कॅसेटचं काय झालं ते सांगायला नको. दर रविवारी दुपारी हे दार लोटून बसायचे. मी मागच्या अंगणात जाऊन उगाच चिकूची पानं झाडायचे. दुःख तर होतंच, पण खोटं कशाला बोलू, मला रागही यायचा. नऊ महिने पोटात मी वाढवला आणि कॅसेटवर हाक मारतो बाबांना! माझ्यासाठी एक शब्द नाही.

गेल्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरली आणि मशीनने फीत चावून टाकली. ह्यांनी ती ओंजळीत घेतली आणि बसून राहिले. जेवण सोडलं. आमची मुलगी श्रुतिका वापीला नोकरी करते, ती घाबरली. तिने त्याच बँडचा नवा बॉक्स सेट मागवला, जाडजूड पुठ्ठ्याचा डबा, आत सीडी आणि फोटोंचं पुस्तक. जुन्या रेकॉर्डिंगवरून नव्याने साफ करून काढलेलं म्हणे.

पहिली सीडी लावली आणि ह्यांचं तोंड कडू झालं. "सगळं एकाच पट्टीत ओरडतंय. गिटारही ड्रमएवढी मोठी केली मेल्यांनी. गप्प बसायची जागाच बुजवली! तो बोलणार कुठे?"

मी चमकले. म्हटलं, "अहो, तो कॅसेटमध्ये होता. आपल्या टेपरेकॉर्डरमध्ये. ह्या डब्यात कसा येईल?"

"जागा तीच आहे ना?" ते म्हणाले. "इतकी वर्षं त्याच जागी येतोय. त्याला ठाऊक आहे."

डब्यात एक सीडी जुन्या पद्धतीचीच होती, बारीक ते बारीक ठेवलेली. ती सापडली आणि ह्यांना बरं वाटलं. रोज दुपारी हेडफोन लावून बसायला लागले. बारीक जागा आली की आवाजाचं बटण पुढे, ड्रमच्या आधी झटकन मागे. रोज थोडं जास्त पुढे. डॉक्टर बजावून बसलेले, काका, उरलंय ते सांभाळा, एक मोठा दणका आणि तेही जाईल. पण ऐकतो कोण! मला हेडफोनमधलं काही ऐकू यायचं नाही, तरी ती जागा आली की मला कळायचं. पायरीवर झोपलेलं मांजर उठून उभं राहायचं आणि ह्यांच्या खुर्चीमागच्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसायचं. माझा हात पिठात तसाच थांबायचा. त्याला हुसकून लावायचंही धैर्य व्हायचं नाही मला.

सर्वपित्रीच्या दुपारी मी खीर ढवळत होते. मांजर उठलं. मी डोकावले, तर ह्यांनी बटण पार टोकाला फिरवलेलं, डोळे मिटलेले आणि हात मांडीवर. मागे घ्यायचा विचारच दिसेना. मला ते गाणं पाठ होतं. आता ड्रम येणार आणि हा माणूस कायमचा बहिरा होणार. मी "अहो!" म्हणून धावले आणि हेडफोनची वायर खसकन उपटली.

वायर निघाली तसा आवाज स्पीकरवर आला. खोलीभर नुसती सळसळ, भरतीचं पाणी वाळूवर चढावं तशी. आणि त्या सळसळीतून तो बोलला. स्पीकर समोर होते, पण आवाज मागून आला, भिंतीकडून.

"आई, बाबांचा आवाज कमी कर."

पाच वर्षांच्या पोराचा नव्हता हो तो आवाज. फुटलेला, घोगरा, एकोणिसाव्या वर्षीचा. माझ्या हाताने बटण कधी मागे घेतलं मला कळलं नाही. ड्रम वाजला तो शेजारच्या घरात कोणी दार ठोठावल्याएवढा.

ह्यांनी हेडफोन काढला. ऐकू काहीच गेलं नव्हतं. "काय केलंस हे! आत्ता येणारच होता. आला होता का? तू ऐकलंस?"

मी मान हलवली, हो.

"काय म्हणाला?"

सांगितलं असतं, तर त्या शब्दासाठी ह्यांनी उरलेसुरले कान उद्याच फोडून घेतले असते. आणि दुसरंही एक आहे. तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला होता. मला तो कोणाला द्यायचा नव्हता.

"संपलं का, विचारत होता," मी ह्यांच्या कानाशी ओरडले.

हे लहान मुलासारखे रडले आणि त्या दिवशी पोटभर जेवले. आता दुपारी बटण मीच धरून बसते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, असं ह्यांना वाटतं.