रोडग्यांच्या पंगतीत मला काय झालं

चाळिशी ओलांडली आणि मला नवऱ्याची इच्छाच होईनाशी झाली. प्रेम होतं, भांडणं तर उत्तम चालली होती. पण रात्री त्याचा हात अंगावर आला की मी मनात उद्याच्या डब्याची भाजी ठरवायचे. आपलं हे आता कायमचं आटलं, या विचारानं मी धास्तावले होते. नवरा बिचारा उपाय करत होता. धरमपेठेतून अत्तर आणलं, मंद दिवा आणला, एकदा तर गांधीबागेच्या कापडबाजारातून लाल सॅटिनचा गाऊन आणला, तोही ठोक भावात. तो घालून मी आरशात पाहिलं आणि हसत सुटले. तो रुसला.

त्या हिवाळ्यात त्याच्या चुलतभावाच्या शेतावर रोडग्यांचा कार्यक्रम होता. आमच्याकडे त्या दिवशी सगळा स्वयंपाक पुरुषांचा. ते गोवऱ्या पेटवतात, कणकेचे जाड गोळे निखाऱ्यांत भाजतात, वांग्याची भाजी रटरटवतात. बायकांनी झाडाखाली सतरंजीवर बसायचं आणि वाढलं की जेवायचं. मी बसले. बराच वेळ मला कोणी हाकच मारली नाही. मीठ कुठे, चार्जर कुठे, काही नाही. डोकं हळूहळू रिकामं झालं आणि समोर एक पुरुष दिसला. बाह्या वर, कपाळाला राख, गरम रोडगा या हातातून त्या हातात झेलत कोणाशी तरी हसणारा. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. हा तर आपलाच नवरा, हे ध्यानात येईपर्यंत अंगातून शिरशिरी गेली होती. भर दुपारी, सासरच्या गोतावळ्यात! मी घाईघाईनं चटणी मागितली.

घरी येताना स्कूटरवर मी त्याला सांगून टाकलं. कॉलेजपासूनची ओळख, आमच्यात अहो-जाहो नाही आणि लपवालपवीही कमी.

"आज तू मले लय आवडला गा, रोडगे भाजताना."

पठ्ठ्यानं त्यातून नेमका रोडगा उचलला. पुढच्या रविवारी बाल्कनीत गोवऱ्या आल्या, बाह्या वर गेल्या, कपाळाला राख तर त्यानं आधीच फासून घेतली. मला पलंगावर आराम करायचा हुकूम झाला.

"अवं, कणिक कुठी आहे?"

"ओवा किती टाकू वं?"

"अवं, तूप संपलं का?"

माझं डोकं पुन्हा स्वयंपाकघरात. मी तणतणत बाल्कनीच्या दारात गेले.

"रोडग्यानं काही नाही होत! तिथं मले कोणी काही विचारून नव्हतं राहिलं, म्हणून झालं. मी घरी नाही असं समज. जळलं तर जळू दे."

त्यानं हातातला गोळा परातीत ठेवला. "इतकंच? मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"मलेच कुठी माहीत होतं?"

मी जाऊन पडले. डबे आपटले, काहीतरी सांडलं, एक झाकण खणखणत दूरवर गेलं. जळका वास आला. मी उठले नाही. बाहेरून हाक काही आली नाही. शेवटी मीच मारली.

"गोवऱ्या विझव आणि ये," म्हटलं.