मुखशोभावाले अण्णा

कोरी जागा दिसली की अण्णांचा जीव कासावीस व्हायचा. भिंत असो, धर्मशाळेचा खांब असो, छत्रीची पाठ असो, ते जरा लांब उभे राहून, मान तिरपी करून बघत आणि म्हणत, "फुकट चाललीय हो ही जागा!" मग दोन दिवसांत तिथे गेरूने अक्षरे उमटत : मुखशोभा दंतमंजन, अस्सल स्वदेशी, नागाव.

मी तेव्हा अलिबागच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचे काम करत होतो. अण्णांची हस्तपत्रके आमच्याकडे छापली जात. मजकूर कागदावर आणण्याची त्यांची रीत नव्हती. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसत आणि तोंडाने सांगत. शब्द सुचला की मांडीवर थाप मारत. "दामू, ‘स्वदेशी’ मोठ्या टायपात घे. मंजन लहान चालेल. लोक दात मंजनाने घासतात, पण डबी घेतात ती स्वदेशीसाठी."

मंजन मात्र खरोखर चांगले होते. जळक्या सुपारीची पूड, लवंग, कापूर, मीठ. सुपारी घरच्या वाडीतली. अण्णांची बायको, आमच्या काकू, ती परसात भाजत आणि खलात कुटत. सबंध आळीत कापराचा वास सुटे. अण्णांना त्या कामातले फारसे कळत नव्हते, आणि ते तसे कबूलही करत. "हिचं मंजन, माझं तोंड," असे म्हणून ते आपलेच पांढरेशुभ्र दात दाखवत.

त्यांची सगळ्यात मोठी करामत म्हणजे शीड. नारळ-सुपारी घेऊन मुंबईला जाणाऱ्या एका मचव्याच्या तांडेलाला, त्या शिडाच्या होडीच्या म्होरक्याला, त्यांनी पटवले आणि त्याच्या शिडावर हातभर उंचीच्या अक्षरांत ‘मुखशोभा’ रंगवून घेतले. तांडेल आधी कुरकुरला. "अण्णा, माजा शीड हाय की तुजी भिंत?" अण्णा म्हणाले, "भिंत जागची हलत नाही रे, तुझं शीड भाऊच्या धक्क्यापर्यंत जातं!" मचवा पहिल्यांदा निघाला तेव्हा अण्णा किनाऱ्यावर उभे होते. वारा भरून ती अक्षरे फुगली, तशी त्यांची छातीही. त्या वर्षी मुंबईहून मागण्या येऊ लागल्या, आणि काकूंनी मदतीला शेजारच्या दोन बायका घेतल्या.

अण्णांची स्वदेशी केवळ विक्रीपुरती नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. ते खादी वापरत. घरात साखर आणत नसत, गूळ खात. अलिबागेत सभा असली की तिची हस्तपत्रके ते स्वतःच्या खर्चाने छापून घेत आणि खाली आपले नाव घालू देत नसत. "तिथं मंजन नको. ते काम वेगळं," असे म्हणत. त्यांच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला नवल वाटे.

मिठाच्या चळवळीच्या आदल्या वर्षी अलिबागच्या मैदानावर स्वदेशीची मोठी सभा झाली. मुंबईचे एक वक्ते आले होते. अण्णांनी व्यासपीठावरच्या प्रत्येकाला मुखशोभेची एकेक डबी भेट दिली आणि पहिल्या रांगेत येऊन बसले. वक्त्यांचे भाषण रंगात आले होते. बोलता बोलता त्यांनी समोरची डबी उचलली, उलटी केली आणि बुडाशी कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरे वाचली. डबी जर्मनीत झालेली होती.

"बघा आपली स्वदेशी!" ते डबी उंच धरून म्हणाले. "आत देश आणि बाहेर परदेश!"

मैदान हसले. मी अण्णांच्या मागेच बसलो होतो. त्यांची मानही पहिल्यांदा हसण्यासारखी हलली, मग थांबली.

डबी परदेशी आहे हे अण्णांना ठाऊक होते. त्यांनी ते कधी लपवलेही नव्हते, कुणी विचारलेच नव्हते. तशी पातळ, घट्ट झाकणाची डबी त्यांनी इकडे खूप शोधली होती. शेवटी मुंबईच्या बाजारातून मिळाली ती घेतली. सभा संपल्यावर ते वक्त्यांकडे गेले आणि हात जोडून हे सगळे सांगितले. वक्ते सज्जन होते. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुमच्यावर रोख नव्हता. लोकांच्या मनात ठसायला एखादं उदाहरण लागतं, इतकंच."

"पण उदाहरण मीच झालो की!" अण्णा म्हणाले. तोवर वक्त्यांना मोटारीकडे नेले होते.

पुढच्या आठवड्यात ते वाक्य अलिबागच्या एका साप्ताहिकात चौकटीत आले. अण्णांनी खुलासा धाडला. तो छापला गेला, पण आतल्या पानावर, बोटींच्या वेळापत्रकाखाली आणि ‘विलायती डबीवाल्यांचे म्हणणे’ अशा मथळ्याने. अण्णा तो अंक घेऊन छापखान्यात आले आणि म्हणाले, "दामू, आता आपणच छापू. खरं काय ते सगळं लिहू."

मी म्हटले, "अण्णा, चौलाच्या पलीकडे ही गोष्ट कुणाला माहीत नाही. थोडे दिवस जाऊ द्या. लोक विसरतील."

"खरं सांगायला भ्यायचं कशाला?" ते म्हणाले. मोठ्या टायपात ‘स्वदेशी’ घ्यायला सांगताना जो आवाज असे, तोच. मी जुळवले. पत्रके रेवदंड्याला गेली, मुरुडला गेली, पेणच्या बाजारात वाटली गेली. ज्यांनी काहीच ऐकले नव्हते त्यांनी पहिल्यांदा ऐकले, तेही अण्णांच्या खर्चाने. वाचणाऱ्याच्या लक्षात खुलासा राहिला नाही, जर्मनी राहिली.

त्यांनी डब्या बंद केल्या आणि कागदाच्या पुड्या सुरू केल्या. खाऱ्या हवेत आठवड्याभरात पुडीचा दगड व्हायचा. दुकानदार त्या परत पाठवू लागले. एके दिवशी तांडेल दारात येऊन उभा राहिला.

"अण्णा, रागाव नको. बंदरावर पोरं वरडतात, जर्मनची बोट आली, जर्मनची बोट आली. माजा नारल कोन घेत न्हाय."

"मग?"

"शीड कापला मी. नवा तुकडा लावला."

अण्णा म्हणाले, "बरं केलंस," आणि त्याला चहा पाजूनच पाठवला.

मिठाचा कायदा मोडायला माणसे किनाऱ्यावर जमली तेव्हा अण्णा सगळ्यांच्या पुढे होते. मीही गर्दीत होतो. त्यांना आता तुरुंगच हवा होता, असे मला वाटते. तुरुंगात गेलेल्या माणसाच्या डबीचे बूड कोण बघणार? पोलिसांनी एकेकाला धरून बाजूला काढले. अण्णांपाशी आल्यावर फौजदार थबकला. त्यांचे वय आणि भिजलेले धोतर त्याने पाहिले असेल.

"आजोबा, तुम्ही घरी जा."

"मलाही धरा ना," अण्णा म्हणाले. त्यांच्या मुठीत मीठ होते. त्यांनी ती त्याच्यापुढे उघडून दाखवली. "हे बघा, मीसुद्धा उचललंय."

फौजदाराने त्यांच्याकडे न बघता पुढच्या माणसाला हात घातला. बाकीच्यांना घेऊन गाडी गेली. अण्णा ओल्या वाळूत मूठ उघडी ठेवून उभे राहिले. मी त्यांना हाताला धरून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी बाजारात नवे वाक्य निघाले : सरकारने यालाच कसे सोडले? याचा खुलासा कुठल्या टायपात छापायचा, हे अण्णांनी मला विचारले नाही. ते छापखान्यात यायचेच थांबले.

धंदा मिटला, तरी काकूंचा खल थांबला नव्हता. एकदा मी भेटायला गेलो असताना मागच्या दारी बांगड्या वाजल्या. एक बाई पदराआडून वाटी पुढे करत होती. काकूंनी तीत मंजन घातले. "कुणाला सांगू नका हो, ह्यांना खपायचं नाही," असे म्हणून ती घाईने गेली. तिचा नवरा बाजारात अण्णांना बघून वाट बदलत असे. अशा चार-पाच जणी येतात, असे काकूंनी सांगितले. अण्णा ओटीवर होते, त्यांना सगळे ऐकू येत होते. मी बाहेर येताच ते म्हणाले, "दात बरे राहिले पाहिजेत लोकांचे." एवढेच.

पुढे दोन-तीन पावसाळ्यांनी ते गेले. फारसे आजारी नव्हते, जेवण कमी कमी होत गेले होते. बातमी कळली त्या सकाळी मी मालकांना विचारून त्याच साप्ताहिकासाठी, ते आता आमच्याकडेच छापले जाई, चार ओळी जुळवल्या. त्यांचे पूर्ण नाव, गाव, सभांसाठी त्यांनी गुपचूप केलेला खर्च. मनाशी म्हटले, एकदा तरी या माणसाबद्दल नीट छापून येऊ दे. मग वय विचारायला म्हणून नागावला गेलो.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काय छापणार ते त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"चांगलं लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "पण नको, दामू. आता त्यांचं नाव कुठं छापू नकोस."

मी परत आलो. दिवेलागण होत होती, मालक घरी गेले होते. जुळवणीच्या दगडावर त्या चार ओळींचे खिळे तसेच दोरीने बांधून ठेवले होते. मी दोरी सोडली आणि अण्णांच्या नावाचे एकेक अक्षर ज्याच्या त्याच्या खणात परत टाकले.